इटली, रोम ते मिलान: ट्रेन की भाड्याची गाडी? (सोबत ७१ वर्षांच्या सासूबाई)

गोदाकाठची | शनिवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. दिवाळी झाली की नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही चौघं इटलीला निघालोय. मी, नवरा, आठवीतली मुलगी आणि सासूबाई. रोमला उतरायचं, मिलानहून परतायचं, मध्ये ११ रात्री. रोम ४, फ्लोरेन्स २, टस्कनीत कुठेतरी खेड्यात ३, व्हेनिस २. विमानाची तिकिटं झालीत. अडलंय ते एकाच गोष्टीवर आणि त्यावरून घरात पंधरा दिवस धुसफूस चालू आहे.

नवऱ्याचं म्हणणं, रोमच्या विमानतळावर गाडी घ्यायची आणि मिलानच्या विमानतळावर सोडायची. आपली गाडी, आपली मर्जी. हा माणूस नाशिकहून कन्याकुमारीपर्यंत एकट्याने गाडी चालवून आलाय, कसारा घाट झोपेतही उतरवेल, त्यामुळे त्याच्या चालवण्याबद्दल माझी तक्रार नाही. त्याने वहीत हिशोबही मांडलाय. ट्रेनला दर टप्प्याला चार तिकिटं, गाडीत मात्र डोकी मोजत नाहीत. हिशोबात मला चूक सापडत नाही आणि तेच खुपतंय.

माझा ओढा ट्रेनकडे. पण सासूबाईंच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन दीड वर्षापूर्वी झालंय. सपाटीवर चालतात बऱ्या, जिना मात्र कठडा धरून एकेक पायरी. सामान म्हणाल तर दोन मोठ्या बॅगा, दोन मध्यम, आणि एक खाऊची पिशवी, जी त्या कुणाच्याही हातात देत नाहीत. नवरा नेमका इथेच मला गप्प करतो: "आईला ट्रेनमध्ये चढवणार कोण?"

ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी सांगा. व्हिडिओ बघून डोळे दुखायला लागलेत.

हायवे_हौशी | शनिवार, रात्री १०:१५

गाडीच घ्या. आम्ही स्पेनमध्ये १० दिवस फिरवली, एकदाही पश्चात्ताप नाही. रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायची सवय तासाभरात होते. इंडिकेटरचा दांडा मात्र डावीकडे असतो, त्यामुळे पहिले दोन दिवस प्रत्येक वळणावर आमचे वायपर चालू व्हायचे आणि मागे बसलेली पोरं टाळ्या वाजवायची. वयस्कर माणूस सोबत असेल तर दारापासून दारापर्यंत नेणाऱ्या गाडीसारखं सुख नाही. यजमानांना माझा पाठिंबा कळवा.

मिरज_जंक्शन | रविवार, सकाळी ७:०५

स्पेनचं मला माहीत नाही. इटलीत याच "दारापासून दारापर्यंत"ने माझा घात केला, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आमचा बेत तुमच्या यजमानांच्या बेतासारखाच होता. मी, बायको आणि माझी थोरली बहीण, ताई तेव्हा ६९ ची. एका विमानतळावर गाडी घेतली, दुसऱ्यावर सोडली. हिशोब मीही असाच केला होता. बँकेत ३१ वर्षं दुसरं काय केलं? बेरीज बरोबरच होती. रकाने कमी आखले होते.

रोममध्ये चार दिवस गाडी नुसती उभी. कोलोसियम, व्हॅटिकन, त्रेव्हीचं कारंजं, कुठेच गाडीने जायचं नसतं. भाडं रोजचं चालू आणि वर पार्किंग. एका गावात घेऊन दुसऱ्या गावात सोडायचे वेगळे पैसे, ते बुकिंगच्या शेवटच्या पानावर दिसतात. मग हमरस्त्याचा टोल. शिरताना यंत्रातून चिठ्ठी घ्यायची, बाहेर पडताना अंतराप्रमाणे भरायचं. यात एकच सांगणं, पिवळी टेलिपासची (म्हणजे त्यांच्या फास्टॅगची) रांग आपली नाही, तिकडे चुकूनही शिरू नका. आणि शेवटी व्हेनिस. मुख्य भूमीवरून पूल ओलांडला की प्यात्साले रोमाला रस्ताच संपतो, पुढे पाणी. ज्या शहरात चाक म्हणून फिरत नाही तिथे आम्ही दोन दिवसांचं गाडीचं भाडं भरलं आणि ती त्रोंकेत्तोच्या पार्किंगमध्ये मुक्कामाला ठेवली. तिचा मुक्काम आमच्या खोलीइतका नाही, पण बराच महाग पडला.

आता ते दार. इटलीतल्या बहुतेक जुन्या शहरांच्या मध्यभागाला झेडटीएल असतो, म्हणजे मर्यादित वाहतुकीचा भाग. तिथे राहणारे, टॅक्सी, बस आणि परवानावाले सोडून कुणी गाडी घालायची नाही. गेट नाही, साखळी नाही, शिट्टी मारणारा हवालदार नाही. पांढरी गोल पाटी, भोवती लाल कडं, आणि खांबावर कॅमेरा. बस्स.

आम्ही टेकडीवरच्या एका जुन्या गावात शिरत होतो. (गावाचं नाव घेत नाही, चूक माझी होती.) संध्याकाळ, भुरभुर पाऊस, मोबाइलवरची बाई सांगतेय डावीकडे वळा. कमानीशी एक इलेक्ट्रॉनिक पाटी होती, तिच्यावर लाल अक्षरांत "वार्को आत्तिवो". बायको म्हणाली, थांबा हो, काहीतरी लिहिलंय. मी म्हटलं, आत्तिवो म्हणजे ॲक्टिव्ह, म्हणजे चालू आहे, जाऊ या. त्याचा खरा अर्थ असा की हे प्रवेशद्वार आत्ता पहाऱ्यावर आहे, आत येऊ नका. हॉटेल सापडेना म्हणून गोल फिरून त्याच कमानीतून मी पुन्हा आत गेलो. दर शिरण्याचा दंड वेगळा.

सुट्टी मजेत झाली, घरी आलो. दोन महिन्यांनी क्रेडिट कार्डावर गाडीवाल्यांनी एक रक्कम लावली. हा दंड नव्हे, आमचं नाव-पत्ता पोलिसांना कळवल्याची त्यांची फी. दंड आला आठव्या महिन्यात. पोस्टमनने सही घेऊन दोन जाड पाकिटं दिली. परदेशी माणसाला नोटीस पाठवायला त्यांच्याकडे ३६० दिवस असतात, तेव्हा कुणाला वर्षभर काही आलं नाही म्हणून सुटलो असं समजू नये. एकेक पाकीट शंभर युरोच्या आसपास पडलं. ताई अजून राखीपौर्णिमेला विचारते, "काय रे, आत्तिवो?"

हॉटेल त्या भागात असेल तर हॉटेलवाले गाडीचा नंबर कळवून परवानगी काढून देऊ शकतात, पण ते आधी विचारून लेखी घ्यायचं. नाहीतर गाडी वेशीबाहेर आणि तिथून बॅगा दगडी फरशीवरून खडखडत न्यायच्या, चढावर. तुमच्या सासूबाईंना ट्रेनमध्ये चढवणं त्यापेक्षा सोपं आहे, हे मी अनुभवाने सांगतो.

ट्रेनचं असं. रोम तेर्मिनी, म्हणजे तिथलं मुख्य स्टेशन, ते फ्लोरेन्स दीड तास. गाडीने तेच तीन तासांच्या वर, शहरातून बाहेर पडायचा मनस्ताप धरला नाही तरी. फ्लोरेन्स ते व्हेनिस सव्वादोन तास, व्हेनिस ते मिलान अडीच. फ्रेच्चारोस्सा सरकारी, इतालो खासगी, दोन्ही त्याच रुळांवर ताशी ३०० किमीपर्यंतच्या वेगाने जातात आणि एकमेकांच्या स्पर्धेत असल्यामुळे लवकर काढलं तर तिकीट स्वस्त मिळतं. सगळ्यात स्वस्त तिकीट बदलता येत नाही, परत होत नाही, एवढं लक्षात ठेवा. जागा तिकिटातच नक्की असते, आपल्यासारखं वेटिंगचं टेन्शन नाही. पाट्यांवर फ्लोरेन्स दिसणार नाही, फिरेंझे दिसेल. व्हेनिस म्हणजे व्हेनेत्सिया, मिलान म्हणजे मिलानो. हे काम मुलीकडे द्या. फलाट क्रमांक पाटीवर अगदी शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांत लागतो, तोवर सगळं स्टेशन मान वर करून उभं असतं. फ्लोरेन्सला ट्रेन उलट दिशेने निघते, आपल्या दौंडला व्हायचं तसं, तेव्हा चुकीच्या गाडीत बसलो म्हणून घाबरू नका. माझी बायको घाबरली होती.

पण टस्कनीच्या तीन रात्रींना मात्र गाडी हवीच. यजमानांचा मुद्दा तिथे शंभर टक्के खरा. पिएंझा, माँतेपुल्चानो, सान क्विरिको, तो सगळा व्हाल दोर्चा खोऱ्याच्या आसपासचा पट्टा गाडीवाचून कळत नाही. माँतेपुल्चानो नावाचं स्टेशन आहे, पण ते गावापासून पार लांब खाली आहे. एसट्या आहेत, रविवारी जवळजवळ नाहीतच. नोव्हेंबरात ऑलिव्हची तोडणी असते, झाडाखाली जाळ्या अंथरलेल्या दिसतात. आम्ही एका शेतावर उतरलो होतो, तिथल्या म्हाताऱ्याने नुकतंच गाळलेलं तेल भाजलेल्या पावावर ओतून दिलं. हिरवंगार, घशाला मिरीसारखं झोंबणारं. ताईने वरून आपली शेंगदाण्याची चटणी भुरभुरवली आणि त्यालाही चाखायला लावली. त्याने दोनदा मागून घेतली.

म्हणून माझा सल्ला: गाडी फक्त त्या तीन रात्रींसाठी, आणि ती फ्लोरेन्सच्या विमानतळावरून घ्या, तिथेच परत करा. शहरात आणूच नका. मुख्य स्टेशनजवळून विमानतळाला ट्राम जाते, वीसेक मिनिटं, फलाटाच्या पातळीवर, पायरी नाही. बॅगा जड वाटल्या तर टॅक्सी करा, टॅक्सीला त्या भागात मुभा असते. घेतल्या जागी सोडली की सोडणावळही वाचते.

हायवे_हौशी | रविवार, सकाळी ९:३०

काका, स्पेनमध्येही असे भाग आहेत म्हणे. आता मी रोज टपालाची पेटी बघणार. 😅

डिकीचं मात्र काकांनी लिहिलं नाही. चार माणसं आणि चार बॅगा म्हणजे छोटी गाडी चालत नाही. फोटोत मोठी दिसते, प्रत्यक्षात दोन मोठ्या बॅगांत डिकी भरते आणि तिसरी बॅग आजीच्या मांडीवर येते. ऑटोमॅटिक हवी असेल तर तसं मुद्दाम निवडा, न मागता मिळते ती गिअरवालीच. आणि डाव्या हाताने गिअर टाकायची सवय असलेल्या माणसाचा उजवा हात पहिल्या दिवशी बावचळतो.

तोरिनोची_चिमणी | रविवार, दुपारी १:५०

मी इथेच राहते, नऊ वर्षं झाली. काकांचं बरंचसं बरोबर. थोडी भर घालते.

गुडघ्यासाठी: स्टेशनांवर साला ब्लू नावाची मदत-खोली असते. आधी कळवून ठेवलं तर माणूस येतो, व्हीलचेअर किंवा उचलयंत्र आणतो, गाडीत बसवून देतो आणि उतरायच्या स्टेशनवरही दुसरा माणूस हजर असतो. पैसे लागत नाहीत. लाजायचं नाही, इथले आजी-आजोबा सर्रास वापरतात. माझे सासरे आधी नको नको म्हणाले, मग प्रत्येक स्टेशनवर "आपला माणूस आला का?" विचारायला लागले.

रोम विमानतळावरून शहरात जायला लिओनार्दो एक्सप्रेस ३२ मिनिटांत तेर्मिनीला सोडते, माणशी १४ युरो. चौघांचे ५६ होतात. टॅक्सीचं शहराच्या जुन्या तटाच्या आतलं भाडं ठरवून दिलेलं आहे आणि ते याच घरात येतं. सासूबाई आहेत, रात्रभराचा विमानप्रवास झालेला, तेव्हा टॅक्सी करा. पांढरी, अधिकृत, रांगेतली. आत येऊन "टॅक्सी, टॅक्सी" कुजबुजणाऱ्याची नको.

संप हा इथला सण आहे. शोपेरो असा शब्द दिसला की सावध. आधी जाहीर झालेला असतो, बहुतेकदा शुक्रवारी. साध्या लोकल ट्रेन कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ चालवाव्याच लागतात, लांबच्या काही ठरावीक गाड्याही सुटतात. प्रवासाच्या आठवडाभर आधी एकदा तपासा.

साध्या लोकल गाडीचं कागदी तिकीट काढलंत तर चढण्याआधी फलाटावरच्या छोट्या यंत्रात घालून त्यावर शिक्का उमटवायचा. विसरलात तर तिकीट असूनही दंड. वेगाच्या गाड्यांना हे लागत नाही.

गाडीसाठी: १५ नोव्हेंबर ते १५ एप्रिल बऱ्याच रस्त्यांवर हिवाळी टायर किंवा डिकीत चाकांना लावायच्या बर्फाच्या साखळ्या असणं सक्तीचं आहे. तुमच्या तारखा त्यात येत असतील तर गाडी घेताना विचारा. आणि या दिवसांत पाचला अंधार पडतो. टस्कनीतले डोंगरी रस्ते आपल्या घाटासारखेच, दिवे नाहीत, मध्येच रानडुक्कर. चारला परत शेतावर.

व्हेनिसला कुठे राहणार? बरेच लोक स्वस्त म्हणून पुलाच्या अलीकडे, मुख्य भूमीवरच्या मेस्त्रेला राहतात.

मिरज_जंक्शन | रविवार, दुपारी ३:२०

मेस्त्रेच बरं पडेल त्यांना. लिफ्टवाली हॉटेलं स्टेशनसमोर, ट्रेनने दहा-बारा मिनिटांत व्हेनिस, बॅगा पूल चढवायला नकोत.

तोरिनोची_चिमणी | रविवार, दुपारी ४:०५

नाही काका, इथे मी भांडणार. मेस्त्रेला राहिलं की रोज दोनदा ट्रेन, म्हणजे गुडघ्याला रोज दोनदा तेच. आणि व्हेनिस बघायचं ते सकाळी सातला आणि रात्री नऊनंतर, दिवसभराची गर्दी नसताना.

व्हेनिसच्या सांता लुचिया स्टेशनातून बाहेर पडलं की समोर कालवा. मोठा पूल ओलांडायचाच नाही. डावीकडे लिस्ता दी स्पान्या नावाचा रस्ता जातो, पुढचा पूल येईपर्यंत सगळा सपाट. त्या रस्त्यावर हॉटेल घ्या, पण लिफ्ट आहे का ते आधी विचारा, जुन्या इमारतींत बऱ्याचदा नसते. फिरायला पुढे पाण्यावरची बस. १ नंबरची व्हापोरेत्तो सगळा मोठा कालवा हळूहळू दाखवत सान मार्कोला नेते. सासूबाईंना पुढची उघडी जागा मिळाली तर त्यांना दुसरं काही दाखवायची गरज नाही.

गोदाकाठची | रविवार, रात्री १०:३०

बापरे, किती लिहिलंत सगळ्यांनी. जेवताना मोठ्याने वाचून दाखवलं. "आत्तिवो" आमच्या घरातही रुजू झालंय, मुलीने वायफायला ते नाव दिलं.

नवरा वरवर शांत आहे. त्याचे तीन प्रश्न: (१) आपलं लायसन्स चालतं का, (२) डिपॉझिट फॉरेक्स कार्डावर घेतात का, (३) पेट्रोल की डिझेल हे कळतं कसं. सासूबाईंचा एकच: ट्रेनमध्ये डबा उघडला तर चालतं का?

मिरज_जंक्शन | सोमवार, सकाळी ६:५०

१. आपल्या लायसन्ससोबत आंतरराष्ट्रीय परवाना लागतो. आरटीओत फॉर्म ४अ, फी १००० रुपये, मुदत एक वर्ष. ऑनलाइन अर्ज होतो. इकडूनच काढून न्यायचा, तिथे गेल्यावर मिळत नाही. आणि मूळ लायसन्स घरी ठेवू नका, दोन्ही लागतात. आमच्या पुढच्या रांगेतलं एक जोडपं नुसता परवाना घेऊन आलं होतं, त्यांना गाडी दिली नाही. बाई नवऱ्याकडे ज्या नजरेने बघत होती ती मी विसरलेलो नाही.

२. फॉरेक्स कार्डावर अवलंबून राहू नका. खरं क्रेडिट कार्ड हवं, जो चालवणार त्याच्या नावाचं, आणि परदेशी व्यवहार सुरू केलेलं. रक्कम कापत नाहीत, अडकवून ठेवतात, तेव्हा मर्यादेत तेवढी जागा ठेवा. गाडी घेताना चारही बाजूंनी व्हिडिओ काढा, चाकांच्या रिमांचासुद्धा. परत करताना पुन्हा.

३. बेंझिना म्हणजे पेट्रोल, गासोलियो म्हणजे डिझेल. नाव ऐकून उलट वाटतं, तिथेच लोक फसतात. इंधनाच्या झाकणाच्या आत लिहिलेलं असतं, त्याचा फोटो काढून ठेवा. सेल्फ लिहिलेल्या पंपावर स्वतः भरायचं, माणसाने भरून दिलं तर लिटरमागे जास्त पडतं.

पार्किंगच्या रेघा: पांढरी फुकट, निळी पैसे भरून, पिवळी आपली नाही.

डब्याचं चिमणी सांगेल.

तोरिनोची_चिमणी | सोमवार, दुपारी १२:१५

डबा खुशाल उघडा. इथले लोक स्वतःच कागदात गुंडाळलेला पाव-चीज काढून बसतात. समोरासमोर चार जागा आणि मध्ये टेबल अशी रचना निवडा, तुम्ही नेमके चार आहात. दशम्या, गुळपोळी, कोरडी चटणी, काही हरकत नाही. लसणीची चटणी आणि आंब्याचं लोणचं मात्र बंद एसी डब्यात उघडू नका. मी एकदा बोलोन्याच्या आसपास उघडलं होतं आणि मिलानपर्यंत कोणी माझ्याकडे बघत नव्हतं.

गोदाकाठची | मंगळवार, रात्री ९:१०

ठरलं. तीन ट्रेन, चार दिवस गाडी, फ्लोरेन्सच्या विमानतळावरून घ्यायची आणि तिथेच सोडायची. नवऱ्याने वही पुन्हा काढली, काकांचे रकाने आखले आणि बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, त्या चार दिवसांत मीच चालवणार, मोबाइलवरच्या बाईचं ऐकणार नाही, पाट्या तू वाचायच्या. आज दुपारी आरटीओचा अर्ज भरला. चार जागांचं टेबल तिन्ही ट्रेनमध्ये मिळालं.

व्हेनिसचं हॉटेल त्या सपाट रस्त्यावरचंच घेतलं. लिफ्ट आहे का विचारलं तर उत्तर आलं, "आहे, पण छोटी. एका वेळी एक माणूस आणि एक बॅग." सासूबाई म्हणाल्या, मी आणि खाऊची पिशवी पहिल्या फेरीला.